गावच्या शेती अनुदानाची लाभार्थी यादी मुंबईतून कशी मागावी

सातबाऱ्यावर नाव गावी आणि नोकरी मुंबईत, अशा अनेकांना ठिबक सिंचनाचे किंवा शेती अवजारांचे अनुदान आपल्या गावात कोणाला मिळाले हे जाणून घ्यायचे असते. माहिती अधिकारात अर्ज करण्यास भारतीय नागरिकत्व पुरेसे असून माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. राज्याच्या माहिती अधिकार नियमांतील जोडपत्र ‘अ’ या नमुन्यातील अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प एवढेच कागद लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने शुल्काऐवजी दाखल्याची प्रत जोडावी.

अर्ज अडतो तो मजकुरात. परळच्या चाळीत राहणाऱ्या एका काकांनी मोठ्या कळकळीने लिहिले होते, “शेजाऱ्याला ठिबकचे पैसे मिळाले, मला का मिळाले नाहीत?” उत्तर एका ओळीचे आले: प्रश्नाचा खुलासा करणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण कार्यालयाला असलेला कागद द्यायचा असतो, कारणे शोधायची नसतात. म्हणून “अमुक गावातील, अमुक आर्थिक वर्षातील, अमुक योजनेच्या लाभार्थी यादीची व माझ्या अर्जावरील शेऱ्यांची प्रत द्यावी” असे लिहावे. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे दीडशे शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे ठिबक, पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत एकाच कागदावर मागू नये.

दुसरी चूक मुंबईकरांचीच. मंत्रालय जवळ म्हणून अर्ज तिथे दिला जातो, मात्र गावनिहाय यादी बहुधा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात असते आणि अतिवृष्टीच्या मदतीची तहसील कार्यालयात. चुकीच्या कार्यालयाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो. तसे प्रत्यक्षात वेळेवर घडताना मी क्वचितच पाहिले आहे, म्हणून स्पीड पोस्टाने थेट तालुक्याला पाठवणेच बरे.

“ही वैयक्तिक माहिती आहे” हे उत्तर आता अधिक सहजपणे मिळते, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती नाकारण्याच्या या अपवादाची व्याप्ती वाढवली आहे. मात्र अनुदान कार्यक्रमांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)(बारा) मध्ये आहे, हे अर्जातच नमूद करावे. आधार आणि बँक खाते क्रमांक मागू नयेत. नाव, गाव, बाब, रक्कम आणि दिनांक पुरेसे आहेत. काही भाग गोपनीय ठरला, तरी तो वगळून उरलेली माहिती देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे, ही ओळही जोडावी.

मुदत मात्र बहुतेक जण चुकीची मोजतात. ३० दिवस अर्ज लिहिल्यापासून धरायचे नसतात, तो कार्यालयात पोहोचल्यापासून धरायचे असतात, म्हणून पोच जपून ठेवावी. त्या काळात उत्तर न आल्यास नकार समजला जातो आणि पुढील ३० दिवसांतच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करावे लागते. “साहेब रजेवर आहेत, थोडे थांबा” असे ऐकून थांबलेल्यांची अपिलाची मुदत हातची जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. त्या अपिलासाठी जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्याचा निकाल पटला नाही, तर राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते.