डांबराच्या कडेपलीकडचा रस्ता

अमेरिकेतील आयडाहो राज्यात २०१२ साली संशोधकांनी एका डोंगरधारेवर सुमारे अर्धा किलोमीटर अंतरात ध्वनिवर्धक बसवले आणि त्यांतून महामार्गावरील वाहनांचा आवाज चार दिवस चालू, चार दिवस बंद असा ऐकवला. तेथे ना डांबर होते ना वाहने, आणि एकही झाड तोडलेले नव्हते. तरीही आवाज चालू असलेल्या दिवसांत, स्थलांतराच्या वाटेवर विसाव्याला उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या पाव हिश्श्याहून अधिक घटली आणि काही जातींनी तर त्या धारेकडे पाठच फिरवली.

रस्त्याची रुंदी कागदावर मीटरमध्ये लिहिली जाते, पण त्याचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. जंगल चिरले की कडेला ऊन आणि वारा आत शिरतात, जमिनीतील ओल कमी होते, सावलीत वाढणारी रोपे मागे हटतात आणि वाहनांच्या चाकांबरोबर किंवा भरावाच्या मातीतून आलेली परकी तणे त्यांची जागा घेतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार रस्त्यांनी पृथ्वीवरील भूभागाचे सहा लाखांहून अधिक तुकडे केले आहेत; त्यांतील निम्म्याहून अधिक तुकडे एक चौरस किलोमीटरपेक्षा लहान आहेत, तर १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठे तुकडे जेमतेम सात टक्के आहेत.

यापेक्षाही मोठी हानी रस्त्यामागून येणाऱ्या माणसांमुळे होते. ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नद्यांपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आढळली. मुख्य रस्त्याला बेकायदा फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे फुटतात, आणि उपग्रहचित्रात माशाच्या काट्यांसारखी नक्षी उमटते. अशा ठिकाणी प्राण्यांसाठी पूल बांधून काहीही वाचत नाही. म्हणूनच अखंड राहिलेल्या क्षेत्रातून मार्ग न नेणे हाच माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो आखणीच्या वेळीच करता येतो.

जेथे मार्ग आधीपासून आहे, तेथे मात्र बरेच काही करता येते. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गाला दुतर्फा कुंपण घालून प्राण्यांसाठी सहा उन्नत पूल आणि ३८ भुयारी मार्ग बांधले गेले, आणि वाहनांना प्राणी धडकण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. यात कुंपणाचे काम पुलाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण तेच प्राण्याला पुलाकडे वळवते. नुसते कुंपण घातले तर तीच भिंत ठरते: मंगोलियातील रेल्वेमार्गाच्या कुंपणामुळे गोबीतील रानगाढवांचे कळप कित्येक दशके पलीकडच्या कुरणांपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

लहान जीवांचा प्रश्न आणखी साधा, म्हणून दुर्लक्षित आहे. रस्त्याच्या भरावाखालून ओढ्याचे पाणी नेणाऱ्या मोरीचा तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा वीतभर जरी उंच राहिला, तरी लहान मासे वर चढू शकत नाहीत आणि ओढ्याचा वरचा भाग त्यांना कायमचा तुटतो. मोरी थोडी खोल बसवून तिच्यात ओढ्याचीच वाळू-गोटे राहू दिले, तर हा अडसर उरत नाही.

झाडांवरच जगणाऱ्या प्राण्यांना मात्र जमिनीवरचे हे उपाय लागू पडत नाहीत. आसामातील होलोंगापार अभयारण्यातून एकोणिसाव्या शतकातच रेल्वेमार्ग गेला, आणि सहसा जमिनीवर न उतरणाऱ्या हूलॉक गिबन या वानरासाठी रुळांवरची ती मोकळी पट्टी खोल दरीसारखी ठरली. चीनच्या हैनान बेटावर २०१४ च्या वादळात दरड कोसळून गिबनच्या वाटेवरची झाडे नाहीशी झाली, तेव्हा संशोधकांनी तेथे दोर बांधले. पहिल्या गिबनने ते ओलांडायला सुमारे १७६ दिवस घेतले. पुढे इतरही त्यावरून जाऊ लागले. तरीही दोर हा तात्पुरता आधार असून खरे प्राधान्य तुटलेले जंगल पुन्हा जोडण्याला द्यावे, असेच त्या संशोधकांनी सुचवले.