अपेंडिक्सचं निदान: बोटापासून सीटीपर्यंत

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत पोटात कळ आली की पहिलं निदान घरातच होतं: बेंबी सरकली, नाहीतर गॅस धरला. त्याला कारणही आहे. अपेंडिक्सला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणाऱ्या लहानशा नळीला, सूज येते तेव्हा दुखणं आधी बेंबीभोवतीच जाणवतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. या मधल्या वेळात पोट चोळू नये, एरंडेल तर मुळीच देऊ नये. सुजलेलं अपेंडिक्स फुटण्याचा धोका असतो.

या सुजेला ‘अपेंडिसायटिस’ हे नाव १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रूढ केलं. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी उजव्या कुशीतली ती जागा सांगितली, जिथे बोट दाबताच रोगी कळवळतो. कागवाड-अथणीच्या माणसाला जवळ पडणाऱ्या मिरजेत विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये निघालं. तरी कुठल्याही सर्जनची भिस्त त्या बोटावरच होती. जगभर काढलेल्या पाच-सहा अपेंडिक्सपैकी एक निरोगी निघायचं. हा त्या काळच्या डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हता. थांबून ते फुटू देण्यापेक्षा पोट उघडलेलं बरं, हा त्यांचा हिशेब रास्तच होता.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रोग्याचं सीटी स्कॅन झालं, म्हणजे क्ष-किरणांनी शरीराच्या आतले काप दाखवणारी तपासणी, पण ते डोक्याचं. १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या प्युलार्ट यांनी सोनोग्राफीनं, पोट हळूहळू दाबत, सुजलेलं अपेंडिक्स दाखवलं. सीटीचा खरा जम बसला तो १९९८ नंतर. बोस्टनमध्येच शंभर रोग्यांवर झालेल्या अभ्यासात त्याचं निदान ९८ टक्के अचूक ठरलं.

सीटीत सहा मिलिमीटरपेक्षा जाड झालेली नळी, भोवतालची सुजलेली चरबी, आत अडकलेला खडा दिसतो. त्याहून मोलाचं म्हणजे, अपेंडिक्स फुटलंय का आणि पू नेमका कुठे साठलाय, हे कळतं. पुवाचा मोठा गोळा झाला असेल तर पुष्कळदा लगेच ऑपरेशन करत नाहीत. सुईनं वा नळीनं पू काढतात, अँटिबायोटिक देतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना मात्र वाटतं, डॉक्टर टाळताहेत. अशा वेळी फिल्म समोर धरून त्यांना तो गोळा दाखवायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीही राजाच्या पोटातला फक्त पू काढला होता, अपेंडिक्स नव्हे. राजा वाचला.

मुलांना आणि गरोदर बायकांना मात्र आधी सोनोग्राफीच, कारण सीटीत किरणोत्सर्ग असतो. आणि बेळगावात काढलेलं सीटी घेऊन पुढे कोल्हापूरला किंवा मिरजेला जायचं झालं, तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागवू नका. फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या.