धडं दहा, डोकं एक

'सगळ्यांनी मान हलवली' हे वाक्य वाचून आपल्याला काही खटकत नाही. 'माना हलवल्या' म्हटलं तरी चालतं. इंग्रजीत मात्र 'दे नॉडेड देअर हेड' असं लिहिलं, की वाचणाऱ्याला उलटा रावण दिसू लागतो: धडं दहा आणि डोकं एक. तिथे 'हेड्स'च हवं. 'सगळे आपल्या बायकोला घेऊन आले' हे मराठीत अगदी सभ्य वाक्य आहे. ते इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून लिहून पाहा, द्रौपदीच आठवेल.

कारण असं, की मालक अनेक असले तर मालकीची वस्तूही अनेकवचनात घालायची, हा इंग्रजीचा सर्वसाधारण कल आहे. मग प्रत्येकाच्या वाट्याला एकच येत असली तरी हरकत नाही. फ्रेंचचं याच्या उलट. वर्गातल्या सगळ्यांनी एकेक हात वर केला, तर फ्रेंचमध्ये 'हात' एकवचनीच राहतो.

पण मग त्या 'हेड्स'मधल्या 'स'चा अर्थ काय? 'एकाहून जास्त' हा? भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1975 मध्ये एक मजेदार वाक्य पुढे ठेवलं: 'युनिसायकल्स हॅव व्हील्स', म्हणजे एकचाकी सायकलींना चाकं असतात. वाक्य खरं आहे, पण एका सायकलीला चाकं अनेक आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. इथे 'व्हील्स'चं अनेकवचन स्वतःच्या बळावर उभंच नाही, ते 'युनिसायकल्स'च्या आधाराने आलंय. भाषाशास्त्रात याला अवलंबी अनेकवचन म्हणतात.

त्यामुळे इंग्रजीत एक फट राहते. 'मुलांनी आपली पुस्तकं आणावीत' या अर्थाचं वाक्य इंग्रजीत लिहिलं, तर प्रत्येकाने एक आणायचं की चार, ते वाक्यातून कळत नाही. मान प्रत्येकाला एकच असते हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तिथे अडत नाही. पुस्तकांचं तसं नाही. अशा वेळी इंग्रजी लिहिणारे मुद्दाम एकवचन वापरतात, किंवा 'ईच' घालून सगळं वाक्यच एकवचनी करतात. आवडता खेळ विचारताना 'देअर फेव्हरिट स्पोर्ट' असं लिहिणं म्हणूनच चूक नाही, उलट शहाणपणाचं आहे. श्वास रोखून धरणारेही 'देअर ब्रेथ'च रोखतात. अशी ठरलेली रूपं पाठच करावी लागतात, त्यांत तर्क शोधू नये. आपले प्राण तरी कुठे तर्काने वागतात? एकाचेच गेले तरी 'गेले'!

कधी मात्र या एका 'स'वर नाती ठरतात. 'गर्ल्स' हे अनेक मुलींचं षष्ठी रूप घ्या. पुढे 'मदर' आलं तर त्या बहिणी, 'मदर्स' आलं तर बहुधा नुसत्या मैत्रिणी. शिवाय मुलगी एक की अनेक, हे वरचं स्वल्पचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) 'स'च्या आधी आहे की नंतर यावरून ठरतं, आणि ते फक्त डोळ्यांना दिसतं. कानाला 'गर्ल्स मदर' दोन्हीकडे सारखंच.

मराठीने वाटपाचं काम वस्तूच्या वचनावर सोडलेलं नाही, त्यासाठी वेगळे शब्द ठेवलेत. 'आपापला' हा त्यातला माझा सर्वांत लाडका. 'आपापलं पुस्तक आणा' म्हटलं, की एकेकाने एकेक आणायचं हे आलंच. संख्येचंही तसंच. तीन मुलांनी दोन फुगे फुगवले, तर एकूण दोन की सहा, हा वाद इंग्रजीतल्या साध्या वाक्यावर घालता येतो. मराठीत 'दोन-दोन' म्हणायचं. सहाच.