ऑलिंपिकच्या पाच कड्यांची गुंफण

निळी कडी युरोपची, पिवळी आशियाची, काळी आफ्रिकेची, असं आपल्यापैकी अनेकांनी सामान्यज्ञान म्हणून पाठ केलेलं असतं. पण आधुनिक ऑलिंपिकचे जनक प्येर द कुबेर्तां यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह तयार केलं, तेव्हा खंडांना रंग वाटून दिलेच नव्हते. पाच कड्या म्हणजे ऑलिंपिक चळवळीत आलेले जगाचे पाच भाग, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. रंगांमागचा विचार निराळा होता: हे पाच रंग आणि पार्श्वभूमीचा पांढरा मिळून तेव्हाच्या सगळ्या देशांचे झेंडे रंगवता येत. स्वीडनचा निळा-पिवळा त्यात होता, ग्रीसचा निळा-पांढराही. एकेक रंग एकेका खंडाला देऊन टाकला की ही सुंदर कल्पनाच हरवते.

मला मात्र रंगांहून गुंफण जास्त मोलाची वाटते. चिन्ह जवळून पाहा. निळी आणि पिवळी कडी एकमेकींना दोन ठिकाणी छेदतात. एका ठिकाणी निळी वर असते, दुसऱ्या ठिकाणी पिवळी. दोन्हीकडे निळीच वर असती, तर ती पिवळीवर नुसती ठेवलेली असती, सहज उचलता आली असती. या एका खाली-वरमुळे त्या अडकतात. पिवळीत पुढे काळी, काळीत हिरवी, हिरवीत लाल. टोकाची निळी तोडली तर उरलेल्या चार एकत्रच राहतात. मधली काळी तोडली तर दोन जोड्या वेगळ्या होतात. गणितात अशा गुंफणींचा अभ्यास संस्थितीशास्त्र करतं.

रसायनशास्त्रज्ञांनी तर हे चिन्ह रेणूंमध्ये उतरवलं. झाँ-प्येर सोवाज यांनी १९८३ मध्ये तांब्याच्या आयनाभोवती घटक जुळवून दोन वलयाकार रेणू एकमेकांत अडकवले, मग तो आयन काढून घेतला. १९९४ मध्ये फ्रेझर स्टोडार्ट यांच्या गटाने पाच वलयांची साखळी बनवली आणि तिला ‘ऑलिंपियाडेन’ नाव दिलं. तिच्यातल्या दोन शेजारी वलयांमध्ये नेहमीचा रासायनिक बंध नसतो. वलय तोडल्याशिवाय ती सुटत नाहीत, इतकंच. अशा रेणूंपासून रेणूंएवढ्या सूक्ष्म यंत्रांची वाट निघाली, आणि २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना बेन फेरिंगा यांच्यासह मिळालं.

निसर्गात ही युक्ती फार जुनी आहे. काळ्या आजाराला कारणीभूत असणाऱ्या लीशमॅनिया परजीवीच्या पेशीत डीएनएची हजारो छोटी वलयं एकमेकांत अडकून जाळं बनवतात. पेशी दुभंगण्याआधी विकरं (एन्झाइम) एकेक वलय कापून सोडवतात, त्याची प्रत निघते आणि दोन्ही वलयं पुन्हा जाळ्यात गुंफली जातात.