पायाळू प्रसूतीत डोके अडकणे

बाळाचे धड बाहेर आले, पण डोके आत राहिले, तर पायाळू बाळंतपणातला सर्वांत कठीण प्रसंग उभा राहतो. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ ते ४ टक्के गरोदरपणांत बाळ पायाळू असते. धड सुटल्यावर नाळ डोके आणि आईच्या कटीच्या हाडांमध्ये दाबली जाते, त्यामुळे बेंबी दिसल्यापासून हाती मोजकीच मिनिटे असतात.

पुष्कळदा ही अडचण घाईने ओढवून घेतलेली असते. धड खाली ओढले की बाळाचे हात वर, मानेमागे जातात आणि हनुवटी छातीपासून सुटते; मग डोके रुंद बाजूने अडते. म्हणून खांद्यांची पाती दिसेपर्यंत हात लावायचा नाही, पाठ मात्र वरच्या बाजूला राहते ना हे पाहायचे. धरायचे ते नितंबांच्या हाडांवर, दोन्ही अंगठे माकडहाडाच्या वर ठेवून. पोटावर पकड बसली तर यकृत फाटू शकते. हात वर गेले असतील तर लोव्हसेटच्या पद्धतीने, पाठ वरच ठेवून, धड १८० अंश फिरवून पुढचा हात सोडवतात, मग उलट फिरवून दुसरा.

डोक्यासाठी मॉरिसो-स्मेली-वाइट पद्धत वापरतात. बाळ एका हातावर पालथे घेऊन त्याच हाताची दोन बोटे गालांच्या हाडांवर ठेवतात. तोंडात बोट घालून जबडा ओढत नाहीत. दुसऱ्या हाताची दोन बोटे खांद्यांवर अडकवून मधले बोट डोक्याच्या मागच्या भागावर दाबतात, म्हणजे मान वाकते. मदतनीस जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या खालच्या टोकाला असलेल्या हाडाच्या) वरून डोके खाली दाबतो. मानेवरचे केस दिसण्याआधी धड वर उचलले तर मणक्याला इजा होते. एवढ्याने भागले नाही तर पायपर फोर्सेप्स, म्हणजे डोके धरून बाहेर काढायचा खास चिमटा.

अकाली बाळात चित्र वेगळे. धड बारीक असल्याने ते पूर्ण न उघडलेल्या गर्भाशयमुखातूनही निसटते आणि डोके त्यात आवळले जाते. इथे ओढणे व्यर्थ आहे. शिरेतून ५० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन देऊन स्नायू सैल करतात. तरीही न सुटल्यास मुखाला घड्याळातल्या २ आणि १० च्या जागी छेद देतात, गरज पडल्यास ६ वर. ३ आणि ९ टाळतात, कारण बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या जातात. छेद वर फाटत गेला तर रक्तस्राव भयंकर होतो.

पायाळू बाळांत नियोजित सिझेरियन आणि योनीमार्गे प्रसूती यांची तुलना करणाऱ्या २००० च्या टर्म ब्रीच ट्रायल या अभ्यासानंतर नियोजित सिझेरियन वाढले आणि हे कौशल्य सवयीतून गेले. त्यामुळे बाहुलीवरचा नियमित सराव आता अत्यावश्यक ठरतो. जन्मलेले बाळ अनेकदा मलूल असते, म्हणून बालरोगतज्ज्ञ आधीपासून हजर लागतात. पुढे हात हलतो का आणि गळपट्टीचे हाड मोडले नाही ना हे तपासतात, आणि सुमारे ६ आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी करतात.