असहायता म्हणजे आशाहीनता नव्हे

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेले कुत्र्यांवरील प्रयोग मानसशास्त्राच्या वाचकांना ठाऊक असतात. काहीही केले तरी विजेचा झटका थांबत नाही, हे अनुभवलेली बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत, एवढे स्मरणात असले की पुरे.

खटकते ते पुढचे. कुत्र्यांच्या या निष्क्रियतेला दिलेले नाव म्हणजे ‘शिकलेली असहायता’. ती समजावून झाली की लिन अब्रामसन, जेराल्ड मेटाल्स्की आणि लॉरेन अलॉय यांनी १९८९ साली मांडलेला, आशा संपल्यामुळे (hopelessness) एका प्रकारचे नैराश्य येते असे सांगणारा सिद्धांत जणू तिचेच दुसरे नाव असल्यासारखा सांगितला जातो. मराठीत हा घोळ अधिकच वाढतो, कारण आजाराला आपण नैराश्य म्हणतो आणि या सिद्धांतातील कारणाला निराशा, म्हणजे ‘निराशेमुळे नैराश्य येते’ असे काहीच न सांगणारे वाक्य हाती उरते. म्हणून त्या कारणासाठी ‘आशाहीनता’ हाच शब्द वापरावा, असा माझा आग्रह आहे.

असहायता ही केवळ नियंत्रणाविषयीची धारणा आहे: माझ्या करण्या-न करण्याने परिणाम बदलणार नाही. तो परिणाम चांगला असेल की वाईट, याविषयी ती मौन बाळगते. उत्तरपत्रिका देऊन आलेला विद्यार्थी निकालापुढे पूर्णपणे असहाय असतो, तरीही पेपर चांगला गेला असेल तर तो आनंदाने वाट पाहतो. गाठीच्या तपासणीचा अहवाल यायचा आहे अशी व्यक्तीही असहायच असते. पण अहवाल काय येईल हे अनिश्चित असल्यामुळे तिला घेरते ती मुख्यतः चिंता. आशाहीनतेत मात्र दोन धारणा एकत्र येतात: जे नको आहे ते घडणारच, किंवा जे मनापासून हवे आहे ते घडणारच नाही, आणि ते बदलणे आपल्या हाती नाही. त्यामुळे आशाहीन माणूस असहाय असतोच, परंतु असहाय माणूस आशाहीन असेलच असे नाही. चिंतेकडून नैराश्याकडे होणारा प्रवास या सिद्धांताला समजावता येतो तो याच भेदामुळे. ‘शक्यता’ पुसली जाऊन ‘खात्री’ आली की चित्र बदलते.

आशाहीनता हे नैराश्याचे एकमेव कारण आहे, असा दावाही या तिघांनी केलेला नाही. ती एका विशिष्ट उपप्रकाराचे पुरेसे कारण आहे, आणि इतर वाटांनीही नैराश्य येऊ शकते, एवढेच ते म्हणतात. हे वाक्य गाळणाऱ्या टिपणांवर मी विश्वास ठेवत नाही.

अपयशाचे कारण माणूस कुठे शोधतो, हा धागा १९७८ च्या सुधारित असहायता सिद्धांतातला. कारण स्वतःत की बाहेर, कायमचे की तात्पुरते, सर्वव्यापी की मर्यादित, या तिन्ही बाजू तिथे येतात; १९८९ मध्ये भर कायमचेपणावर आणि सर्वव्यापीपणावर आला. ‘दोष माझाच’ ही भावना त्यांच्या जोडीला आली तर स्वाभिमान खचतो, पण आशाहीनतेसाठी ती अनिवार्य नाही.

मायर आणि सेलिग्मन यांनी २०१६ साली आपलाच मूळ निष्कर्ष उलटा केला, हेही नोंदवायला हवे. दीर्घ यातनेपुढे निष्क्रिय होणे ही उपजत प्रतिक्रिया असून शिकावे लागते ते नियंत्रण, असे ते आता मानतात.