नाइटिया

नाइटिया : (मत्स्यजीवाश्म). हेरिंग व तारली यांच्या गटातील एक विलुप्त प्रजाती. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात केमरर गावाजवळच्या ग्रीन रिव्हर शैलसमूहात तिचे जीवाश्म विपुल असून संग्राहकांसाठी साफ करून विकल्या जाणाऱ्या माशांत ते बहुधा सर्वाधिक परिचित आहेत. जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये क्लुपिया ह्यूमिलिस या नावाने वर्णिलेल्या माशाचे नाव आधीच वापरलेले असल्याने डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १९०७ मध्ये तो नाइटिया इओसीना या नावाने नोंदविला. १९८७ पासून नाइटिया हा वायोमिंगचा राज्यजीवाश्म आहे.

हे मासे इओसीन काळातील, सु. ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या सरोवरातील आहेत. तळाच्या चुनखडकात कॅल्साइट व सेंद्रिय द्रव्य यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक येतात. अशी जोडी म्हणजे एका वर्षाचा साठा, असे पूर्वी सर्रास मानले जाई; परंतु ज्वालामुखी राखेच्या त्याच दोन थरांमधील जोड्यांची संख्या सरोवराच्या निरनिराळ्या भागांत सारखी भरत नाही, हा भूवैज्ञानिक पॉल बुखहाइम प्रभृतींचा आक्षेप अधिक सबळ वाटतो. एकाच फरशीवर शेकडो मासे का सापडतात, याबद्दलही मतभेद आहेत. पाण्यातील प्राणवायूची घट, तापमानातील आकस्मिक बदल आणि शैवालांची विषारी वाढ ही कारणे सुचविली जातात.

मासा खडकातून मोकळा करून साफ करण्याची रीत तो ज्या थरातून निघतो त्यावर अवलंबून असते. एका थरातील फरश्या छिन्नीने सहज फुटतात व मासा बहुधा उघडाच पडतो. ‘अठरा इंची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थरात मात्र तो खडकाच्या पातळ आवरणाखाली दडलेला असतो आणि तिरप्या प्रकाशात कण्याचा फक्त पुसटसा उंचवटा दिसतो. म्हणून तेथे रात्री दिवे लावूनही शोध घेतात. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली सुईने, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक लेखणीने व सूक्ष्म भुकटीच्या फवाऱ्याने आवरण कणाकणाने उतरवितात. घाई झाली, तर पाठीवरील व पोटाखालील खवलेवजा तकटांची रांग प्रथम झिजते. वास्तविक नाइटियाची ओळख पटविण्यास हीच रांग व आखूड गुदपक्ष (गुदद्वारामागील पर) उपयोगी पडतात. तेथेच सापडणाऱ्या डिप्लोमिस्टस या दुसऱ्या माशाच्या पिल्लाचा गुदपक्ष लांब असतो, तरी ते नाइटिया म्हणून खपते.

तुटलेले पर रंगविणे किंवा दुसऱ्या फरशीतील मासा बेमालूम बसविणे हेही आढळते. विक्रेत्याने ते सांगणे अत्यावश्यक आहे. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशात रंग व भरण पुष्कळदा वेगळे चमकतात. खाजगी जमिनीवरील खाणींतून विक्रीस मुभा आहे. संघराज्याच्या जमिनीवर, विशेषतः १९७२ मध्ये स्थापन झालेल्या फॉसिल ब्यूट राष्ट्रीय स्मारकात, व्यापारासाठी पृष्ठवंशी जीवाश्म काढण्यास मनाई आहे.